रायसिंग हवालदार वाचून दाखवतात

रायसिंग पावरा हवालदारांनी सिंगापूरची चतुःसीमा पहिल्याच सकाळी लिहून टाकली. खिशातून लांबट वही काढली, दोन पानांमध्ये कार्बन सरकवला आणि उभ्या उभ्या लिहिलं: ‘सदर देशाच्या पूर्वेस विमानतळ, पश्चिमेस कारखाने, उत्तरेस पूल व पलीकडे मलेशिया, दक्षिणेस समुद्र व त्यात उभी जहाजे. आत सर्वत्र इमारती. मधूनमधून जंगल दिसले, परंतु ते हौसेचे असावे.’ त्याखाली, ‘वरील मजकूर हॉटेलच्या चौदाव्या मजल्यावरील खिडकीतून पाहून व सोबतच्या ताईंना विचारून लिहिला.’

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, वाचून दाखवतो. चुकलं असेल तर सांगा.”

मी म्हटलं, जहाजं पूर्वेलाही असतात. त्यांनी खोडरबराकडे पाहिलंही नाही. ‘दक्षिणेस’वर एक सरळ रेघ मारली, शेजारी दुरुस्ती लिहिली आणि दुरुस्तीपुढे बारीकशी सही केली.

“खोडायचं नसतं,” ते म्हणाले. “आधी काय लिहिलं होतं ते पण दिसायला पाहिजे.”

हवालदार सातपुड्यातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यातले. हद्दीत डोंगर जास्त, रस्ते कमी आणि माणसं बहुतेक पावरी बोलणारी. ठाण्यात ती भाषा येणारे हे एकटे, कारण हे स्वतः पावरा आदिवासी. निवृत्तीला आठ महिने उरलेले. बुटकी, घट्ट अंगलट, कपाळावर टोपीचा कायमचा वळ आणि इथल्या वातानुकूलित खोल्यांशी लढायला खाकी स्वेटर. बाहेर घामाच्या धारा लागल्या तरी तो उतरला नाही. “आत-बाहेर करताना काढायचा-घालायचा कोण? एकदाच सोसायचं,” म्हणायचे.

ते इथे आले त्याची गोष्ट सरकारी होती. सिंगापूरच्या एका संस्थेनं आदिवासी भागांत फौजदारी न्यायाचं काम करणाऱ्यांसाठी पंधरा दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. नाव इतकं लांब की ‘प्रशिक्षण आणि सहकार्याच्या संधी’ यातल्या ‘संधी’ फलकाच्या टोकासकट खांबामागे गेल्या होत्या. अट अशी की जिल्ह्यातून दोघं यावेत आणि त्यातला एक तरी आदिवासी समाजातला असावा. उपअधीक्षक साहेबांचं नाव आधीच ठरलं होतं. मग आदिवासीचा शोध सुरू झाला आणि तयार पासपोर्ट असलेला एकच सापडला. हवालदारांकडे पासपोर्ट होता, कारण ठाण्यात पासपोर्टच्या चौकश्या तेच करायचे. “दुसऱ्याला जे विचारतो ते आपल्याला विचारलं तर कसं वाटतं, ते बघायला काढला.” त्यांची चौकशी ज्या हवालदारानं केली त्यानं काही न विचारताच ‘वर्तन चांगले’ असा शेरा मारला. यांनी त्याला परत खुर्चीवर बसवलं आणि सगळे प्रश्न एकेक करून आपल्याला विचारायला लावले.

मी तिथं दुभाषी होते. एरवी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत आकड्यांची देखरेख करते आणि बिशानला एका कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते. मराठी मंडळींच्या ग्रुपवर ‘दोन आठवडे मराठी-इंग्रजी येणारं कुणी हवंय’ असा निरोप आला आणि मी रजा टाकली. हेतू मात्र शुद्ध नव्हता. मी चळवळीच्या, पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे पाहुण्याला आधी पत्रक मिळायचं, मग पाणी. पोलीस, साहेब, संस्था, परदेशी निधी, या सगळ्यांबद्दलची माझी मतं मी दहावीत असतानाच छापून झाली होती. शिबिराच्या पहिल्या दिवशी माझ्या पिशवीत एक मसुदा अर्धा तयार होता. मथळा होता ‘न्यायाच्या नावानं सहल’. आमच्या घरी मथळा आधी आणि पाहणी नंतर अशीच रीत.

हवालदारांनी मला पहिल्या तासाला विचारलं, “ताई, नाव, वय, धंदा, राहणार?” मी सांगितलं. त्यांनी लिहून वाचून दाखवलं. पुढे म्हणाले, “आणि पोलिसांवर राग आहे, ते लिहू का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“खुर्ची लांब ओढून बसलात ना.”

तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना हॉकर सेंटरला घेऊन गेले. एका छपराखाली पन्नास-साठ खाद्यपदार्थांच्या टपऱ्या, मधे टेबलं आणि जेवायच्या वेळी मुंगीला शिरायला जागा नाही. मी भाताच्या रांगेत उभी होते. वळून बघते तर हवालदार एका रिकाम्या टेबलापाशी उभे आणि आसपासच्या माणसांना हातानं मागं सारत होते.

टेबलावर टिश्यूचं पाकीट होतं. इथली रीत अशी की टेबल धरायचं असेल तर टिश्यूचं पाकीट ठेवून खुशाल जेवण आणायला जायचं. कुणी हात लावत नाही. छत्री ठेवा, ऑफिसचं ओळखपत्र ठेवा, ते तिथंच राहतं. हे मी हवालदारांना सांगायला विसरले होते. त्यांच्या नोकरीत गर्दीच्या जागी मालकाविना पडलेली वस्तू म्हणजे एकच गोष्ट: बेवारस माल.

मी पोचेपर्यंत पंचनामा अर्धा झाला होता. ‘पूर्वेस माशांच्या रश्श्याचे दुकान, पश्चिमेस भांडी परत ठेवण्याचा घोडा.’ पंच म्हणून त्यांनी ताटं गोळा करणाऱ्या एका वृद्ध बाईंना खुणेनं थांबवलं होतं. त्या बाई हातातलं फडकं विसरून गंभीर चेहऱ्यानं उभ्या होत्या.

“काका, अहो, ते धरलेलं टेबल आहे!”

“कोणी धरलंय? मालक कुठाय?”

मालक आली. दोन्ही हातांत नूडल्सचे वाफाळते वाडगे घेतलेली, साठीची, कुरळ्या केसांची चिनी बाई. “आयो, अंकल! दॅट वन माइन लाह!”

“ओळख पटवायला सांगा,” हवालदार मला म्हणाले. “आत काय आहे?”

मी लाजत भाषांतर केलं. बाईनं वाडगे टेकवले आणि कंबरेवर हात ठेवला. “आत? टिश्यू!”

“किती?”

बाईनं डोळे मिटून मोजणी केली. “सात. सकाळी तीन वापरले.”

हवालदारांनी मोजले. सात निघाले. त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी, देवळातला प्रसाद द्यावा तसं परत दिलं. मग म्हणाले, “ताई, कागद झालाय तर बाईंना वाचून दाखवा.”

मला वाटलं आता ही बाई आरडाओरडा करणार. मी इंग्रजीत वाचत गेले. बाई ऐकू लागली. नूडल्स निवत होत्या, तरी ऐकत राहिली. शेवटी बोट उचलून म्हणाली, “टेबल ओलं होतं. ते लिहिलं नाही. मी आले तेव्हा टेबल ओलं होतं, कुणी पुसलं नव्हतं.” ताटं गोळा करणाऱ्या पंच बाईंनी ताबडतोब हरकत घेतली की पुसलं होतं, दोनदा पुसलं होतं. हवालदारांनी दोन्ही लिहिलं: ‘टेबलाच्या ओलेपणाबद्दल पंच व मालक यांच्यात एकमत नाही.’ दोघींनी सह्या केल्या आणि दोघींनी आपापल्या प्रती मागितल्या. कार्बनची पानं दोनच होती, म्हणून तिसरी हवालदारांनी हातानं लिहून दिली. तोवर माझा भात गार झाला होता.

“बघा,” परत येताना ते म्हणाले, “वाचून दाखवलं की माणूस भांडतो. भांडला की खरं निघतं. गप्प बसून सही करतो ना, त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं.”

हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं आणि ते सगळीकडे लावायचे. लिटिल इंडियात एका दुकानदाराला त्यांनी बायकोसाठी घ्यायच्या सामानाची यादी तोंडी सांगितली आणि मग म्हणाले, “आता तुम्ही मला वाचून दाखवा.” दुकानदारानं काही लिहिलंच नव्हतं. त्याला लिहायला लावलं. हॉटेलच्या पोरीनं खोलीचे नियम सांगितले, ते यांनी तिलाच परत ऐकवले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की चौथा नियम तिला स्वतःलाच कधी समजला नव्हता.

शिबिराच्या प्रमुख मिसेस कोह, निवृत्त न्यायाधीश. पांढरे आखूड केस, मनगटावर मोठं घड्याळ. सातव्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं. मधे लाकडी चेंडू. चेंडू ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं. गुन्हा करणारा, सोसणारा आणि शेजारी असे एकत्र बसून तोडगा काढतात, ही म्हणे नवी पद्धत. सरावासाठी तंटा दिला होता: दोन शेजारी, इमारतीच्या सामायिक वऱ्हांड्यात एकाची कुंड्यांची रांग, दुसऱ्याचा चपलांचा घोडा. मलेशियातल्या सारावाकच्या एक सरकारी वकीलबाई कुंड्यांच्या बाजूनं, फिलिपाइन्सच्या डोंगरातले एक जेलर चपलांच्या बाजूनं आणि हवालदार झाले वस्तीतले ज्येष्ठ. वीस मिनिटं, मग जेवण.

माझ्या आत पत्रक उसळी मारत होतं. शेकडो वर्षं हे लोक गोल बसून निवाडा करताहेत आणि तुम्ही त्यांना चेंडू देऊन शिकवता! मी हवालदारांच्या कानात तसं पुटपुटलेही.

“असू दे ताई, चेंडू चांगला आहे,” ते म्हणाले. “आमच्या पाड्यात दोघं-तिघं एकदम बोलतात.”

वीस मिनिटं झाली. वकीलबाई आणि जेलर यांनी हसत हात मिळवले. मिसेस कोह टाळ्या वाजवणार तेवढ्यात हवालदारांनी चेंडू मागून घेतला.

“मिटलं नाही,” ते म्हणाले. “यांना भूक लागलीय म्हणून हात मिळवला.”

मी भाषांतर केलं. खोलीत हशा पिकला. हवालदार हसले नाहीत. “आमच्या पाड्यात मिटल्याशिवाय पंचांनी जेवायचं नसतं. ज्यांचं भांडण आहे त्यांनी पण नाही. म्हणून तर मिटतं.”

जेवणाचे डबे कोपऱ्यात रचून ठेवले होते. त्यांच्याकडे बघत पंधरा माणसं बसून राहिली. एक वाजला. दीड झाला. जेलर म्हणाले, बरं, मी घोडा काढतो. वकीलबाई खोट्या भांडणात खऱ्या तापल्या होत्या: “काढतो म्हणजे उपकार?” त्यावर जेलर उसळले, “तुमच्या कुंड्यांचं पाणी माझ्या आईच्या चपलांत जातं!” ही आई त्यांनी जागच्या जागी निर्माण केली होती. पावणेदोनला कळलं की भांडण वऱ्हांड्याचं नाही. नवीन राहायला आलेल्या शेजाऱ्याला कुणी साधं विचारलंसुद्धा नव्हतं की बाबा तू कोण, कुठला. तेही अर्थात जागच्या जागी निर्माण झालेलं. पण दोघांचे आवाज खाली आले. दोन वाजून दहा मिनिटांनी कुंड्या चपलांच्या घोड्यावर ठेवायचं ठरलं आणि हवालदारांनी चेंडू खाली ठेवला.

मिसेस कोह डबा उघडता उघडता मला म्हणाल्या, “मी वीस वर्षं निकाल दिले. जेवायच्या सुट्टीच्या आधी दिलेले सगळे आता आठवताहेत.”

आता साहेब. साहेब उंच, चुणचुणीत, चार वर्षांत पाच बदल्या झालेले. शिबिराच्या शेवटी प्रत्येक जिल्ह्यानं एक प्रस्ताव मांडायचा होता. त्यातला एक निवडून संस्था त्या जिल्ह्याबरोबर वर्षभर काम करणार, माणसं शिकवणार, खर्च देणार. साहेबांचा प्रस्ताव घरूनच तयार होऊन आला होता: प्रत्येक ठाण्यात टॅब्लेट, त्यात तक्रार आणि जबाब भरायचे, काचेवर अंगठा घ्यायचा, जिल्ह्याला पडद्यावर सगळं रंगीत दिसणार.

हवालदारांचाही प्रस्ताव होता. एका पानाचा, दोन प्रतींत. ठाण्यात पावरी आणि भिली येणारे चार तरुण शिपाई तयार करायचे. फिर्याद असो, जबाब असो, सांगणाऱ्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय खाली सही-अंगठा घ्यायचा नाही. बस्स. ठाण्यात आज हे काम ते एकटे करत. आठ महिन्यांनी ते घरी गेले की प्रत्येक कागदाच्या तळाशी ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ हे छापलेलं वाक्य तेवढं उरणार होतं, वाचून दाखवणारं कुणी नाही.

पण जिल्ह्याला प्रस्ताव एकच. साहेबांनी कागद न वाचताच परत दिला. “पावरा, हे तर नियमातच आहे रे. नियमात आहे त्याला निधी कोण देतो?”

पुढे संस्थेनं कळवलं की प्रस्ताव आदिवासी सदस्यानंच मांडायचा. साहेबांचा चेहरा पडला आणि लगेच उजळला. “पावरा, तूच मांड. सोपं आहे. ही कळ दाबायची की पुढचं चित्र येतं. चित्रावर लिहिलेलंच वाचायचं. वाचायला तर तुला आवडतंच.”

“होय साहेब.”

‘होय साहेब’! मी त्या संध्याकाळी खोलीवर जाऊन जुना मसुदा फाडला आणि नवं पत्रक लिहिलं. चार पानं. मथळा: ‘आदिवासीच्या तोंडी साहेबांचं यंत्र!’ सगळी उद्गारचिन्हं त्यात खर्ची पडली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला हवालदारांपुढे ठेवलं. त्यांनी इडली बाजूला सारून पूर्ण वाचलं.

“जोरदार आहे,” ते म्हणाले. “साहेबांना वाचून दाखवलं?”

“साहेबांना? त्यांच्याविरुद्धच आहे ते!”

“म्हणून तर. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायचं, मग आमच्यात आणि तुमच्यात फरक काय?”

आमच्या घरात गेल्या तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता. मी रागारागानं साहेबांच्या टेबलाशी गेले आणि चारही पानं वाचली. साहेब कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप हातात धरून ऐकत राहिले. मधे दोनदा लाल झाले. मग म्हणाले, “दुसऱ्या पानावर ‘प्रस्ताव दडपला’ आहे, ते चूक. मी वाचलाच नाही. ‘न वाचता परत दिला’ असं लिहा. ‘निर्लज्ज’ राहू द्या, ते मत आहे. आणि ‘बढतीसाठी’ असं लिहिलंत ना, बढती नाही हो, बदली टाळायला. मुलीची दहावी आहे.”

दुरुस्त्या करता करता माझ्या चार पानांच्या आठ ओळी उरल्या. त्यातल्या तीन साहेबांच्या बाजूच्या होत्या.

मांडणीचा दिवस आला. समोर तीन परीक्षक: मिसेस कोह, गुन्हेशास्त्राचे एक जाडजूड प्राध्यापक आणि खर्च देणाऱ्या संस्थेचे एक सुटातले गृहस्थ. प्रत्येकाला सात मिनिटं, मग घंटा. आमच्या आधीच्या दोघांनी नकाशे आणि आलेख दाखवले. मी हवालदारांच्या शेजारी भाषांतराला उभी. पहिल्या रांगेत साहेब, ओठांनी पहिल्या चित्रावरचा मजकूर म्हणत.

हवालदारांनी कळ दाबली. पडद्यावर टॅब्लेट आला. “हे आमच्या साहेबांचं यंत्र,” ते म्हणाले. “यात जबाब भरायचा. तर आधी जबाब घेऊ.”

वही काढली, कार्बन सरकवला आणि ते थेट परीक्षकांच्या टेबलाकडे गेले. “मॅडम, आज सकाळी काय खाल्लं?”

मिसेस कोह हसल्या. “नारळाच्या जॅमचा काया टोस्ट, कोपी, दोन अर्धी उकडलेली अंडी.” प्राध्यापक म्हणाले, नुसती कोपी, डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. सुटातले गृहस्थ म्हणाले, काही नाही, लिफ्ट बिघडली म्हणून उशीर झाला. हवालदार मान डोलवत भराभर मराठीत लिहीत होते. पान भरलं. त्यांनी वही फिरवली आणि पेन पुढे केलं. “इथे सही.”

“काय लिहिलंय यात?” प्राध्यापकांनी विचारलं.

“तुम्ही सांगितलं तेच. सगळे करतात सही. लवकर करा, घंटा होईल.”

तिघांनी सह्या केल्या. मिसेस कोहनी तारीखसुद्धा घातली.

“ताई,” हवालदार म्हणाले, “आता वाचून दाखवा.”

मी वही घेतली. पहिली ओळ पाहिली आणि हवालदारांकडे बघितलं. मग इंग्रजीत वाचलं:

‘आम्ही खाली सह्या करणार लिहून देतो की, काल पहाटे आम्ही राखीव जंगलातील सागाची चार झाडे कुऱ्हाडीने तोडली. झाडे मॅडमनी तोडली. प्राध्यापकांनी ओंडके उचलले. तिसरे इसम रस्त्यावर पहारा देत होते. हे आम्ही राजीखुशीने व कोणत्याही दडपणाशिवाय सांगितले असून वरील मजकूर आम्हास वाचून दाखविला, तो बरोबर आहे.’

सभागृह हशानं दणाणलं. जेलर बाकावर हात आपटत होते. सुटातले गृहस्थ वहीत डोकावून आपली सही शोधू लागले. प्राध्यापक म्हणाले, “पण माझी पाठ दुखते! मी ओंडके उचलूच शकत नाही!”

“ते सही करताना सांगायचं होतं,” हवालदार म्हणाले. मी ते भाषांतर करताच हशाची दुसरी लाट उसळली. साहेब दोन्ही हातांत तोंड धरून बसले होते. हसत होते की नव्हते, सांगता येत नाही.

मिसेस कोहनी डोळे पुसले. “हवालदार, झाडं चारच का? मी याहून जास्त तोडली असती.”

“माझ्या बापाच्या कागदात चार होती, मॅडम,” हवालदार म्हणाले. आवाज तोच, पंचनामा सांगावा तसा. “मी लहान होतो. बैल हरवला म्हणून बा जंगलखात्याच्या नाक्यावर सांगायला गेला. तिथं जो बसला होता त्याला पावरी येत नव्हती, बाला मराठी येत नव्हती. त्यानं लिहिलं, बानं अंगठा दिला. बैल तिसऱ्या दिवशी आपला आपण घरी आला. बा सात महिन्यांनी आला.”

हे भाषांतर करायला मला वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

“यंत्र चांगलं आहे,” हवालदार पुढे म्हणाले. “त्यात अंगठा लवकर लागतो. तर त्याआधी वाचून दाखवणारी चार पोरं मला तयार करून द्या. माझे आठ महिने राहिलेत.”

तेवढ्यात घंटा झाली. पडद्यावर पहिलंच चित्र अजून उभं होतं.

संध्याकाळी निवड जाहीर झाली आणि आमच्या जिल्ह्याचं नाव निघालं. पहिलं वर्ष चार शिपायांच्या प्रशिक्षणाचं, शिकवणारे इथून सातपुड्यात जाणार. यंत्राचा विचार त्यानंतर. साहेब उठले, दोन पावलं हवालदारांच्या दिशेनं आले आणि तिथेच थांबले.

“पावरा, आधी सांगायचंस ना मला!”

“साहेब, आपण कळ दाबायला सांगितली. दाबली.”

साहेब काहीतरी बोलणार होते. मग फोटोवाल्यानं हाक मारली आणि ते मध्यभागी जाऊन उभे राहिले. हवालदार अगदी कडेला, स्वेटरमध्ये. सहकार्याचा करार सहीसाठी साहेबांपुढे आला तेव्हा मात्र साहेबांनी पेन उघडलं, थबकले आणि माझ्याकडे कागद सरकवले. “वाचा,” ते म्हणाले. “सगळं.” करार चौदा पानांचा होता.

माझं पत्रक छापलं गेलं नाही. आठ ओळींना कागद कोण घालवतो? वडिलांना फोनवर कारण सांगितलं. ते म्हणाले, “तो हवालदार आमच्याकडे का नाही आला कधी?”

गेल्या महिन्यात हवालदारांचा व्हिडिओ कॉल आला. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते, तरी ठाण्याच्या ओसरीवर तक्रारदारांच्या बाकावर बसलेले. स्वेटर नव्हता, धोतर होतं. मी ओळखायला क्षणभर चुकले.

“ताई, बघा,” म्हणत त्यांनी फोन फिरवला. टेबलाशी वर्दीतली एक तरुण मुलगी. ती त्या चार शिपायांपैकी होती. समोर एक म्हातारी, पदर कमरेला खोचलेली, टेबलावर हात आपटत बोलणारी. मुलगी कागद वाचत होती, म्हातारी मान हलवत होती. मला शब्द कळत नव्हते, पण नकार कुठल्याही भाषेत कळतो.

“तिसऱ्यांदा वाचतेय,” हवालदार हळूच म्हणाले. “आल्या आल्या म्हणाली, काळी शेळी चोरीला गेली. वाचून दाखवलं तर म्हणे काळी नाही, तांबडी. परत वाचलं तर म्हणे चोरली नाही, शेजाऱ्यानं बांधून ठेवली. आता म्हणते शेजारी नाही, जावई.”

“म्हणजे गुन्हाच नाही?”

“काय घाई आहे? अजून दोनदा वाचायचंय.”

मुलीनं ओळीवर रेघ मारली, शेजारी लिहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. या वेळी म्हातारी थांबली. तिचा हात टेबलावरच राहिला. ती हळू आवाजात काहीतरी बोलली आणि मुलीनं पेन खाली ठेवलं.

हवालदारांचा चेहरा पडद्यावर आला, एकदम गंभीर. “ताई, ठेवा आता. बाईंचं घरातलं निघायला लागलं. बाहेरच्यानं ऐकायचं नसतं.”

“काका, मला पावरी कुठे कळते?”

“तरी पण,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन बाकावर पालथा घातला.

पडदा काळा झाला. आवाज येत होता, मुलीचा आणि मधूनच म्हातारीचा. मी फोन बंद केला.